काँक्रीटच्या घोटाईचे काम : थांबण्याच्या तासांची मजुरी कोणी द्यायची?

करणी_रंधा (धागाकर्ता)

नमस्कार. मुंबईत काँक्रीटच्या पृष्ठभागाची घोटाई करणाऱ्या कारागिरांविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही. गवंडी, सुतार, फिटर, सेंट्रिंगवाले यांची निदान नावे तरी घेतली जातात. स्लॅब भरून झाल्यावर रंधा (पृष्ठभाग घासून सपाट व गुळगुळीत करण्याची मुठीची पट्टी) हातात घेऊन जो माणूस मागे उरतो, त्याची नोंद हजेरीच्या वहीत पुष्कळदा ‘बिगारी’ म्हणूनच होते. तळघरातले पार्किंग, भिवंडीकडच्या गोदामांच्या जमिनी, इमारतींचे स्लॅब अशी कामे मी वर्षानुवर्षे केली आहेत आणि आता माझी स्वतःची लहानशी टोळी आहे. या कामातला एक प्रश्न मला फार दिवसांपासून सतावतो आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रश्न समजण्यासाठी आधी काम समजून घ्यावे लागेल. पंपातून काँक्रीट पडते, व्हायब्रेटर फिरतो, ॲल्युमिनियमच्या पट्टीने पातळी ओढली जाते आणि बहुतेकांच्या दृष्टीने स्लॅब तिथे संपतो. घोटाई त्यानंतर सुरू होते आणि तिचा पहिला भाग म्हणजे काहीही न करता थांबणे. खडी आणि रेती खाली बसू लागली की मोकळे पाणी वर येते आणि पृष्ठभाग चमकू लागतो. ही चमक पूर्णपणे जाऊन पृष्ठभाग निस्तेज दिसेपर्यंत लोखंडी रंधा लावायचा नसतो. वर पाणी असताना रंधा मारला, तर ते पाणी वरच्या दोन-तीन मिलिमीटरच्या थरात कोंबले जाते, तिथले सिमेंटच्या मानाने पाण्याचे प्रमाण वाढते आणि तेवढा थर कायमचा दुबळा राहतो. पुढे त्यातून धूळ निघते, केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसू लागते, गाड्यांची चाके वळतात तिथे पोपडे सुटतात. अहवालात मात्र सर्व काही ठीक असते, कारण १५० मिलिमीटरचा क्यूब (त्याच काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा) २८ दिवसांनी दाबून पाहिला की आतल्या काँक्रीटची ताकद कळते. वरच्या पापुद्र्याची अवस्था त्यातून कधीच कळत नाही.

रंधा केव्हा लावायचा, हे घड्याळावरून ठरत नाही. सपाट तळव्याचा बूट टेकवून पाहतात. ठसा पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल जात असेल तर अजून वेळ आहे. त्यापेक्षा उथळ उमटला आणि बुटाच्या तळाला ओली पेस्ट चिकटली नाही, तर लाकडी रंधा सुरू करता येतो. लाकडी रंध्याने उंचवटे दबतात, खळगे भरतात आणि खडी किंचित खाली जाऊन वर मसाला येतो. मग पुन्हा थांबायचे. त्यानंतर लोखंडी रंधा, पहिल्या हाताला जवळजवळ सपाट आणि पुढच्या प्रत्येक हाताला कड थोडी अधिक उचलून. शेवटच्या हाताला रंध्याचा आवाज बदलतो, त्यात धातूची खणखण येते आणि हाताला काँक्रीटचा विरोध जाणवतो. मोठ्या जमिनीवर हेच काम पॉवर ट्रॉवेल (घोटाईचे फिरते यंत्र) करतो, आधी थाळी लावून आणि नंतर पाती लावून. यंत्र आले तरी थांबण्याचा वेळ तेवढाच राहतो.

आता मुंबईच्या हवेचे पाहा. बाहेरून आलेल्या इंजिनिअरांना वाटते की मे महिना सर्वांत वाईट. माझा अनुभव असा आहे की डिसेंबर-जानेवारीत दुपारी जमिनीकडून कोरडा वारा सुटतो, तेव्हा उंच मजल्यावरचा स्लॅब मे महिन्यापेक्षा अधिक त्रास देतो. मे महिन्यात उष्मा असतो, पण हवेत दमटपणाही असतो. हिवाळी वाऱ्यात पृष्ठभागावरचे पाणी आतून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा लवकर उडते, वर साय धरल्यासारखा थर तयार होतो आणि खाली काँक्रीट मऊच असते. नवखा कारागीर फसतो तो इथे. उलट जुलैत, फ्लाय ॲश (वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी) मिसळलेले काँक्रीट असेल तर तासन्‌तास काहीच होत नाही.

आणि हाच माझा प्रश्न आहे. भरणी संध्याकाळी सातला संपली आणि पृष्ठभाग रात्री बाराला तयार झाला, तर मधले पाच तास कोणाच्या खात्यावर लिहायचे? चौरस फुटाचा दर ठरलेला असेल तर ठेकेदार म्हणतो की दरात सर्व आले. हजेरीवर काम असेल तर म्हणतो की तुम्ही बसूनच होतात. परिणामी माणूस घाई करतो. शेवटची लोकल गाठायची असते, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरीकडे भरणी असते. मग ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरून पाणी टिपले जाते आणि त्यावर रंधा फिरतो. दिसायला आरशासारखी जमीन मिळते. तो सिमेंटचा जाड पापुद्रा खालच्या काँक्रीटपेक्षा जास्त आकसतो आणि सुटतो. या खराबीचे कारण मी कारागिराच्या हातात शोधत नाही. ते मजुरीच्या पद्धतीत आहे. इतरांचा अनुभव काय आहे?

लोअर_परळ_साइट

मी स्थापत्य अभियंता असून गेली काही वर्षे उंच इमारतींच्या साइटवर आहे. आपण लिहिलेले तांत्रिक वर्णन अचूक आहे. दुसरी बाजू मांडतो, कारण आमचे हातही काही बाबतींत बांधलेले असतात.

आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे रेडीमिक्स (प्लँटवर तयार केलेले) काँक्रीट प्लँटवर भरल्यापासून साधारण दोन तासांत साइटवर उतरले पाहिजे. शहरात दिवसा अवजड वाहनांवर निर्बंध असतात, त्यामुळे ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट आणणाऱ्या गाड्या) सलग मिळायचे तर ठरावीक वेळा पकडाव्या लागतात. दुसरीकडे रात्री दहानंतर आवाजाच्या नियमांमुळे शेजारच्या इमारतींतून तक्रारी येतात आणि पॉवर ट्रॉवेलचा आवाज लपत नाही. म्हणजे काँक्रीट येते उशिरा आणि घोटाई संपवायची असते लवकर. या दोन्हींच्या मध्ये सापडतो तो आपल्यासारखा कारागीर, हे मला मान्य आहे.

तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. पुष्कळ वेळा थांबण्याचा वेळ आम्हीच कागदावर वाढवलेला असतो. गाडी वाहतुकीत अडकेल या भीतीने रिटार्डरची (काँक्रीट घट्ट होणे लांबवणाऱ्या रसायनाची) मात्रा सरसकट सर्व गाड्यांना सारखी ठेवली जाते. पहिली गाडी सकाळी रिकाम्या रस्त्याने लवकर पोहोचते आणि शेवटची गर्दीत अडकून येते; शेवटच्या गाडीचे काँक्रीट उतरल्यावर लवकर घट्ट होऊ लागते आणि पहिल्या गाडीचे उतरल्यावर बराच वेळ मऊच राहते. एकाच स्लॅबवर दोन प्रकारचे पृष्ठभाग तयार होतात. मात्रा गाडीच्या वेळेप्रमाणे बदलावी, असा आग्रह मी प्लँटकडे धरतो आणि पहिल्या गाडीचे काँक्रीट कुठे पडले, शेवटच्या गाडीचे कुठे, हे खडूने सेंट्रिंगच्या कडेला लिहून घोटाईच्या टोळीला दाखवतो. एवढ्याने त्यांचे काम पुष्कळ सोपे होते.

आणखी एक. उंच ताकदीच्या काँक्रीटमध्ये, विशेषतः सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिसूक्ष्म भुकटी) असेल तर, पाणी वर येतच नाही म्हटले तरी चालेल. तिथे चमक जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. पृष्ठभाग पहिल्यापासून सुकत असतो. अशा वेळी धुक्यासारखा फवारा हवेत मारून दमटपणा टिकवावा लागतो. बादलीने पाणी शिंपडून त्यावर रंधा मारणे हा त्यावरचा उपाय नाही, हे साइटवर पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

रस्तेकाम_पूर्व_उपनगर

इमारतीतल्या घोटाईबद्दल वर चांगली चर्चा चालली आहे. रस्त्याच्या काँक्रीटची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती नोंदवतो.

मुंबईला काँक्रीटचे रस्ते नवे नाहीत. मरीन ड्राइव्हचा मूळ रस्ता काँक्रीटचाच होता. सध्या महापालिकेने शहरभर रस्ते काँक्रीटचे करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले आहे आणि गुणवत्तेवर देखरेखीसाठी आयआयटी मुंबईची नेमणूक झाली आहे. या रस्त्यांवर घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग नको असतो. तो पावसात दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतो. पातळी झाली की ओले गोणपाट ओढतात किंवा तारेच्या दात्यांनी आडव्या बारीक रेघा पाडतात, जेणेकरून पाणी निघून जावे आणि टायरला पकड मिळावी. दाते लवकर ओढले तर खडी उपटून येते, उशिरा ओढले तर रेघ उमटत नाही. म्हणजे नेमकी वेळ ओळखण्याचे कौशल्य इथेही तेच लागते, फरक इतकाच की इथे ती वेळ फार थोडी असते.

सांधे कापण्याचेही तसेच. काँक्रीट आकसताना कुठेतरी तडकणारच. ते आपण ठरवलेल्या रेषेत तडकावे म्हणून यंत्राने जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीचा खाच मारतात. लवकर कापले तर कडा फुटतात, दुसऱ्या दिवशी सकाळी उगवून कापू म्हटले तर काँक्रीटने आपली रेषा आधीच निवडलेली असते. त्यामुळे कटरवाल्यालाही रात्री थांबावे लागते आणि त्याचाही तो वेळ कुठे लिहिला जात नाही.

चेंबूरची_लेक

या धाग्यावर एका कामाचा उल्लेख आला नाही, तो करावासा वाटतो. माझी आई अनेक वर्षे साइटवर पाणी मारण्याचे काम करत होती. घोटाई कितीही उत्तम झाली तरी नंतर पाणी मिळाले नाही तर तो पृष्ठभाग टिकत नाही, हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने ते पाहून ओळखले होते.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी निदान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी (फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या) निदान १० दिवस पृष्ठभाग ओला ठेवण्यास सांगितले आहे. मुंबईत आज बहुतेक काम मिश्र सिमेंटवरच होते. प्रत्यक्षात काय होते? दुसऱ्या दिवशी त्याच स्लॅबवर सुतारांना पुढच्या मजल्याची आखणी करायची असते, विटा चढवायच्या असतात, म्हणून मातीचे बांध घालून पाणी साठवू देत नाहीत. मग गोणपाट अंथरून दिवसातून दोनदा पाइप फिरवला जातो आणि दुपारी बारा ते तीन या वेळेत गोणपाट वाळून पापडासारखे कडक होते. ओले, कोरडे, पुन्हा ओले, असे चक्र पृष्ठभागाला अधिक घातक असते. आई जेवणाच्या सुट्टीत अर्धी पोळी हातात घेऊन पाइप धरायची, कारण तिला ते वाळलेले गोणपाट बघवत नसे. त्या सुट्टीतल्या कामाचे पैसे तिला कधी मिळाले नाहीत.

मला आणखी एक विचारायचे आहे. इतक्या वर्षांत तिच्या हातात कोणी रंधा दिला नाही. घमेले, पाणी, झाडू एवढेच. घोटाईला ताकदीपेक्षा हाताचा समतोल आणि नजर लागते असे आपण सगळेच म्हणता, तर मग या कामात स्त्रिया का नाहीत?

करणी_रंधा (धागाकर्ता)

ताई, तुमच्या आईंनी जे ओळखले ते अनेक सुपरवायझरांनाही उमगत नाही. तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की या कामात शिरकाव टोळीतून होतो. काका पुतण्याला आणतो, गाववाला गाववाल्याला आणतो, आणि रात्री साइटवर थांबावे लागते म्हणून स्त्रियांना कोणी विचारतही नाही. रात्री सुरक्षित बसण्याची जागा, स्वच्छतागृह आणि घरी सोडणारी गाडी असेल तर यातले निम्मे कारण तिथेच संपते. या तिन्ही गोष्टी पुरुष कारागिरांनाही हव्याच आहेत. उरलेले निम्मे कारण सवयीचे आहे आणि ते चुकीचे आहे. गच्चीच्या कोब्यावर (गळती रोखणाऱ्या थरावर) नीरू, म्हणजे चुन्याचा बारीक लेप, घोटताना मी स्त्रियांचे हात पाहिले आहेत. ते काम कोणत्याही पुरुषाच्या तोडीचे होते.

मुलुंड_सोसायटी

कोब्याचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. इमारत तीस वर्षांपुढची असल्याने महापालिका कायद्याप्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घेतली. अहवालात गच्चीचा जुना ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा काढून नवा करावा असे लिहिले आहे. आलेल्या ठेकेदारांपैकी एकाचे म्हणणे आहे की जुना कोबा फोडण्याची गरज नाही, त्यावरच नवा थर घालू, एका दिवसात घोटून देऊ. सभासदांना ते स्वस्त आणि सोपे वाटते. आपण जाणकार मंडळी काय सांगाल?

कोबा_कांदिवली

सचिव साहेब, हे माझे रोजचे काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्यावर नवा थर अजिबात घेऊ नका. सरासरी साडेचार इंच जाडीचा ब्रिकबॅट कोबा दर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास भार टाकतो. तीस वर्षांच्या स्लॅबवर तो एकदा आहेच. त्यावर दुसरा चढवणे म्हणजे इमारतीच्या म्हातारपणी तिच्या डोक्यावर ओझे वाढवणे आहे. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेले पाणी तसेच कोंडून राहते.

नीट केलेल्या कोब्याचा क्रम असा असतो. जुना थर काढून स्लॅब साफ करायचा, भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी भरायच्या, वॉटरप्रूफिंगचे पहिले कोटिंग द्यायचे. मग पाण्याच्या निचऱ्याचे तोंड ठरवून तिथून उलट्या दिशेने दोरी धरून ढाळ काढायचा; शंभर फुटांना एक फूट एवढा ढाळ असावा, फार तर थोडा कमी. विटांचे तुकडे भिजवून, उभे लावून, सांध्यांत मसाला भरायचा आणि त्याला काही दिवस पाणी द्यायचे. कठड्याच्या भिंतीशी कोपरा काटकोनात न सोडता गोलाई देऊन वाटा काढायचा आणि तो भिंतीवर निदान एक फूट चढवायचा. गळती बहुतेक वेळा गच्चीच्या मधून होत नाही, वाट्यातून होते. म्हणून आमच्या टोळीत सर्वांत अनुभवी माणूस वाट्यावर बसतो. तो बाटलीच्या बुडाने किंवा गोल रंध्याने वाटा घोटत पुढे सरकतो, एका बैठकीत एक बाजू सांधा न पाडता संपवतो आणि मध्येच उठत नाही.

सगळ्यात शेवटी वरचा सिमेंटचा थर आणि त्यावरची घोटाई. इथे धागाकर्त्यांनी लिहिलेले सर्व नियम लागू होतात. ओला असतानाच दोरी दाबून फूटभराच्या चौकटी पाडतात. त्या शोभेसाठी नसतात, आकसताना येणाऱ्या बारीक भेगा त्या रेषांत राहाव्यात म्हणून असतात. हे सर्व एका दिवसात करून देतो असे सांगणारा माणूस यातली कोणती पायरी गाळणार आहे, ते त्याला लेखी विचारा. काम झाल्यावर गच्चीत दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा, खालच्या घरांची छते तपासा आणि मगच शेवटचा हप्ता द्या. पावसाळ्याच्या तोंडावर काम काढू नका. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू केले तर पाणी देण्यासही वेळ मिळतो.

कामगारांचा_डॉक्टर

मी पूर्व उपनगरांतल्या बांधकाम कामगारांच्या आरोग्य शिबिरांत जातो. घोटाई करणाऱ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी सतत दिसतात.

पहिली, गुडघ्यांवरचे भाजणे. ओले काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ च्या पुढे जातो. गुडघे टेकून तासन्‌तास घोटताना पँट भिजते आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. रात्री घरी गेल्यावर आग सुरू होते, तोवर त्वचा आतपर्यंत भाजलेली असते. गुडघ्यांना रबरी पॅड, घोट्याच्या वर येणारे गमबूट आणि कपडे भिजले की लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन बदलणे, एवढ्याने हे टळते. साइटवर बदलण्यासाठी कोरडी पँट ठेवावी. हात स्वच्छ करण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची सवय मी अनेकांत पाहतो. त्याने त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे होणारी ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर पाठ सोडत नाही आणि काही चांगल्या कारागिरांना त्यापायी हा व्यवसायच सोडावा लागतो.

दुसरी, धूळ. बिघडलेला पृष्ठभाग ग्राइंडरने घासताना निघणाऱ्या सूक्ष्म धुळीत सिलिका असते. तिने होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. पाणी सोडत घासावे किंवा यंत्राला धूळ ओढणारी नळी जोडावी, आणि तोंडावर रुमाल न बांधता एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क नीट घट्ट बसवावा. रुमालाने ही धूळ अडत नाही.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तळघरात पेट्रोलवर चालणारा पॉवर ट्रॉवेल फिरवताना कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळ, पाय जड होणे ही लक्षणे थकव्याची समजून माणसे काम रेटतात आणि तिथेच कोसळतात. बंदिस्त जागेत विजेवरचे यंत्र वापरावे. ते नसेल तर हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे सुरू असल्याशिवाय उतरू नये.

नोंदणी_मदत_धारावी

मजुरीच्या प्रश्नाला लागून एक माहिती देतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेण्याची पद्धत आणली आणि अशा उपकरातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. वय १८ ते ६० मधले असावे आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, अशी नोंदणीची अट आहे. मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, प्रसूती, गंभीर आजार, मृत्यू अशा प्रसंगी मंडळाकडून मदत मिळते.

अडचण येते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. घोटाईची टोळी एका साइटवर दोन रात्री, दुसऱ्या साइटवर तीन रात्री अशी फिरत असते. कोणताच ठेकेदार सही द्यायला तयार नसतो, कारण प्रत्येकाकडे दिवस थोडे भरतात. माझा सल्ला असा की प्रत्येक साइटवरून निघतानाच तारखा लिहिलेल्या कागदावर सही आणि शिक्का घ्यावा, वर्षाच्या शेवटी मागू नये. आणि त्या कागदावर कामाची वेळ ‘रात्री ७ ते ३’ अशी पूर्ण लिहून घ्यावी. थांबण्याच्या तासांची कागदोपत्री नोंद होण्याची आज तरी तीच एक जागा आहे.

लोअर_परळ_साइट

ही सूचना मला पटली. आमच्याकडे भरणीच्या नोंदवहीत प्रत्येक गाडीची वेळ, स्लम्प (काँक्रीटच्या पातळपणाचे माप) आणि तापमान लिहिले जाते, परंतु घोटाई केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, याचा रकाना नाही. तो टाकता येईल. पुढच्या कामाच्या निविदेत घोटाईचा दर चौरस फुटावर न ठेवता दोन भागांत मागवावा, असा प्रस्ताव मी वरिष्ठांपुढे ठेवणार आहे: प्रत्यक्ष क्षेत्रफळाचा एक दर, आणि भरणी संपल्यापासून दोन तासांपुढे थांबावे लागल्यास टोळीच्या माणसांमागे ताशी दुसरा दर. नंतर पृष्ठभाग घासून दुरुस्त करण्यावर आणि वर हार्डनरचे (पृष्ठभाग कठीण करणाऱ्या रसायनाचे) लेप देण्यावर आम्ही जो खर्च करतो, त्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ ठरेल, याची मला खात्री आहे.

करणी_रंधा (धागाकर्ता)

असा दोन भागांचा दर मिळाला तर मी आजच्यापेक्षा कमी क्षेत्रफळाचा दर घेण्यास तयार आहे, हे आपण वरिष्ठांना सांगू शकता. त्यात एक अट मात्र घाला. रंधा केव्हा लावायचा हा निर्णय टोळीच्या मिस्त्रीचा असावा. सुपरवायझरने खालून फोन करून ‘आता चढा’ म्हणायचे आणि पृष्ठभाग बिघडल्यावर मजुरीतून कापायचे, हे सोबत चालणार नाही. ज्याचा निर्णय, त्याची जबाबदारी, असे लिहिले गेले तर मी ती जबाबदारी आनंदाने घेईन.

आयटीआय_गवंडी

मी आयटीआयमधून गवंडी व्यवसायाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. वीटकाम आणि गिलावा व्यवस्थित शिकलो, पण मोठ्या स्लॅबची घोटाई शिकायला मिळाली नाही. काका, मला एका टोळीबरोबर पावसाळ्यातल्या कामावर जाण्याची संधी आली आहे. पाऊस आला तर प्लास्टिक टाकतात, हे ठाऊक आहे. पण प्लास्टिकखाली पृष्ठभाग तयार झाला की नाही, हे कसे ओळखायचे? आणि मध्येच सर आली तर काय करायचे?

करणी_रंधा (धागाकर्ता)

बाळा, प्रश्न योग्य विचारलास. प्लास्टिक पृष्ठभागावर चिकटू देऊ नये. कडेला बल्ल्या ठेवून त्यावर ताणावे, म्हणजे खाली हवा राहते आणि ठसे उमटत नाहीत. दर अर्ध्या तासाने एक कोपरा उचलून बघायचे, मात्र नेहमी शेवटच्या गाडीच्या बाजूचा एक आणि पहिल्या गाडीच्या बाजूचा एक, असे दोन. प्लास्टिकखाली वाफ धरून थेंब पडतात, म्हणून नुसती चमक पाहून निर्णय घेऊ नकोस. अंगठा दाबून पाहा आणि दाबलेल्या जागी पाणी परत भरून येते का ते बघ. भरून आले तर झाक आणि थांब. खळगा कोरडा राहिला तर हवा लागू दे आणि दहा-पंधरा मिनिटांनी बूट टेकवून पाहा.

सर अचानक आली आणि पाणी साचले, तर पहिल्यांदा रंधा बाजूला ठेवायचा. साचलेले पाणी रबरी वायपरने किंवा पाण्याचा नरम पाइप आडवा ओढून कडेला काढायचे. फडक्याने टिपायचे नाही, त्याबरोबर सिमेंट निघते. सिमेंट भुरभुरायचे नाही, कोणीही सांगितले तरी. पाणी निघाल्यावर लाकडी रंधा हलक्या हाताने एकदा फिरवून बघ; वर नुसती रेती खरवडून येत असेल तर वरचे सिमेंट वाहून गेले आहे, आणि तेवढा भाग कोणता हे रात्रीच इंजिनिअरला दाखवून वहीत लिहवून घ्यायचे, म्हणजे त्याची दुरुस्ती नंतर ठरवून करता येते.

पहिल्या पावसाळ्यात तुला रंधा कमी आणि प्लास्टिक धरायला जास्त मिळेल. त्या वेळेत मिस्त्रीचा डावा गुडघा कुठे टेकतो आणि तो मागे सरकताना गुडघ्याखालची फळी कशी उचलतो, तेवढे नीट बघून ठेव. स्वतःचा रंधा विकत घे, नवा. त्याच्या कडा पहिले काही दिवस धारदार असतात आणि काँक्रीटवर ओरखडे पाडतात, म्हणून आधी एखाद्या जुन्या जमिनीवर पाणी घालून घासून घे. रबरी पॅड आणि कोरडी पँट डॉक्टरांनी वर सांगितलीच आहे.